टाकीतला खांदेपालट

माशांच्या धंद्यात मला चौतीस वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही शिकलो ते काचेला नाक लावून. तेव्हा मी सांगतोय त्यात शास्त्र शोधू नका आणि थापही शोधू नका. दुकानदार थाप मारतो ती काहीतरी खपवायला. हे मला कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. उलट माझ्या गळ्यातून कुणी काढून घेतलं तर हवंच आहे.

त्या दिवशी दुपारी जेवण आटोपून मी गाडीत थर्माकोलचे दोन खोके टाकले, जाड पिशव्यांचं बंडल, रबरबँड आणि ऑक्सिजनचा लहान सिलिंडर घेतला आणि ताईकडे निघालो. काम साधं होतं. तिच्या घरची टाकी रिकामी करायची, मासे दुकानात आणायचे आणि ताईला गाडीत बसवून तिच्या मुलीकडे पोचवायचं. भाचीचा सकाळीच फोन आला होता.

"मामा, आज काहीही करून आईला आणा. तीन आठवड्यांत नऊ किलो उतरलीय ती. रक्त तपासलं, फोटो काढले, डॉक्टरांना काही सापडत नाही. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणते, पिल्लं मोठी झाली की येते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती राहायची नाही हो, मामा."

भावोजींना जाऊन तेवढेच दिवस झाले होते, तीन आठवडे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तासन् तास मान खाली घालून बसायची सवय. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून मीच त्यांना डिस्कसचा नाद लावला. पहिली सहा पिल्लं माझ्या दुकानातून, फुकट. म्हणजे सुरुवात माझ्या हातून झाली, हे मी कबूल करून टाकतो.

डिस्कस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बशीसारखा गोल, बशीसारखाच चपटा मासा. रंग असे की बघत राहावं आणि नखरे असे की बघू नये. पाणी मऊ हवं, कोमट हवं, रोज बदलायला हवं. घरात भांडण झालं तरी काळा पडतो. एकदा एक गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा घेऊन आलं, याला शोभतील असे मासे द्या म्हणून. मी निळे डिस्कस दिले. पंधरा दिवसांनी नवराबायको तक्रार घेऊन हजर, मासे काळे झाले. मी म्हटलं, "साहेब, माशांना काही झालेलं नाही. तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही ते सांगा." दोघं एकमेकांकडे बघायला लागली आणि बाईंना हसू फुटलं.

पण डिस्कसची खरी गंमत पिल्लांत आहे. पोहायला लागली की ती पहिले दहा-बारा दिवस दुसरं काही खात नाहीत, आईबापांचं अंग खातात. म्हणजे अंगावर एक चिकट साय सुटते, ती ओरपतात. शंभर-दोनशे पिल्लं आईला टाचण्यांसारखी टोचलेली असतात. आई थकली की अंगाला एक झटका देते आणि बाजूला होते. पिल्लं क्षणभर भांबावतात आणि मग सगळीच्या सगळी बापाच्या अंगावर जातात. तो थकला की तो झटका देतो. भावोजी याला 'खांदेपालट' म्हणायचे. म्हणायचे, "अरे, मंत्र्यांना जमत नाही इतका सुबक."

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून मी बेल दाबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि पहिल्या क्षणी मला वाटलं, मी मजला चुकलो. ताईचा चेहरा नुसता कवटीवर ताणून बसवल्यासारखा. मात्र डोळे हसरे.

"ये रे फुग्या," ती म्हणाली. लहानपणी माझे गाल फुगलेले होते, तेव्हापासून मी फुग्या. "खोके बघून कळलं तू का आलास ते. चहा घेणार की आधी चोरी करणार?"

"आधी चहा. चोरसुद्धा दमतो तीन जिने चढून."

ती हसली. चहाचा कप पुढे करताना तिचा डावा हात मला दिसला आणि माझं हसू तिथेच राहिलं. कोपरापासून बोटांपर्यंत हात पांढराफटक होता. पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतो तसा सुरकुतलेला नव्हे, त्याच्याही पलीकडे गेलेला. गुळगुळीत, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. आतल्या शिरा मोजता येत होत्या. बोटांच्या टोकांवरच्या रेषा नव्हत्या. साफ पुसल्या होत्या.

"हे काय केलंस?"

"मी काय करणार? पिल्लांनी केलं."

मग तिने सांगितलं. आवाज अगदी घरगुती, दूध उतू गेलं हे सांगावं तसा. भावोजींच्या जोडीची शेवटची पिल्लं पोहायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी मादी मेली. नर बिथरला, पिल्लं गिळायला लागला, म्हणून भावोजींनी त्याला दुसऱ्या टाकीत हलवला. तोही त्याच रात्री गेला. मागे दोनशे पिल्लं, अंग द्यायला कुणी नाही. भावोजींनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

"आणि ती आली?"

"आली. मग आम्ही दोघं बसायचो. दोन तास ते, दोन तास मी. खांदेपालट." तिने पदराला हात पुसला. "तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले, तर मान काचेला टेकलेली. हात पाण्यातच. मी हाक मारली, खांदा हलवला... आणि पिल्लं खातच होती, फुग्या. त्यांना कळलंच नव्हतं."

मी कप बाजूला सारला.

"हात बाहेर काढला तशी सगळी काचेपाशी येऊन माझ्याकडे बघायला लागली. मग मी माझा घातला."

माणसाच्या कातडीवर माशाची साय नसते. घाम असतो आणि मीठ. त्यावर दोनशे पिल्लं तीन आठवडे जगत नाहीत, हे मी दुकानात झोपेतही सांगीन. मी ताईला तेच सांगितलं. आणि मग डोक्यात आलं ते विचारलं.

"आणि तू झोपतेस तेव्हा? जेवतेस तेव्हा?"

ताईने कप खाली ठेवला. "तेव्हा... ते असतात ना."

मागची खोली भावोजींनी माशांसाठीच ठेवली होती. खिडकीच्या काचांना काळा कागद. बाहेर भर दुपार होती, पण आत दिवस नव्हता. दार उघडताच गरम, दमट हवा तोंडावर आली, आजाऱ्याच्या उशाशी असते तशी. वास ओल्या लोखंडाचा, आणि त्याच्या खाली एक गोडसर वास, तो मला ओळखता आला नाही. हवेचा पंप गुरगुरत होता. टाकीच्या कडेला कागद गुंडाळलेला एक मिणमिणता दिवा. हा दिवा पिल्लं लहान असताना कधी विझवायचा नसतो. अंधार झाला की त्यांना आईबाप सापडत नाहीत आणि मग ती जे पहिलं काळं दिसेल त्याला जाऊन लागतात. हा नियम मीच भावोजींना शिकवला होता.

ताई स्टुलावर बसली, बाही सारली, हात पाण्यात सोडला. पिल्लं नखाएवढी झाली होती. धावत आली आणि हाताला लागली. बारीक टिकटिक ऐकू येत होती. काचेवर आपटत असतील, असं मी मनाला सांगितलं.

"आता बघ हं," ताई कुजबुजली.

तिने मनगटाला झटका दिला आणि हात बाहेर घेतला.

पिल्लं विखुरली. मग सगळी मिळून टाकीच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथे काही नव्हतं. नुसतं पाणी. त्या पाण्याभोवती ती जमली, तोंडं आत, शेपट्या बाहेर, आणि टोचायला लागली. मी आधी म्हटलं, हवेचा प्रवाह आहे, प्रवाहात पिल्लं अशी फिरतात. वाकून पंप बंद केला. गुरगुर थांबली. बुडबुडे थांबले. पाणी आरशासारखं झालं.

पिल्लं हलली नाहीत. त्यांच्या मधोमध एक रिकामी जागा होती आणि त्या जागेला आकार होता. चार बोटं. एक अंगठा. तळाशी रुंद आणि मागे वळलेला. तीस वर्षं घड्याळांची झाकणं उघडून वळलेला असा एकच अंगठा मी पाहिला होता.

बोटं सावकाश उघडली. मिटली.

"दमतात रे फार," ताई म्हणाली. "एकट्याला किती वेळ सोडू?"

मला तिथून पळायचं होतं. पण भाचीचा आवाज कानात होता, आणि समोर माझी बहीण स्टुलावर हळूहळू संपत होती. चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. गिऱ्हाईक अडून बसलं की त्याच्याशी वाद घालायचा नसतो, त्याला हवं ते देतो म्हणायचं असतं.

"ताई, तू लेकीकडे जा. मी पिल्लं दुकानात नेतो. तुझ्या जागी मी बसतो."

"हात घालशील? रोज?"

"घालीन."

"माझ्याकडे बघून सांग."

मी तिच्याकडे बघून सांगितलं. इतक्या जवळून मी कुणाला फसवलं नव्हतं.

पिल्लं पिशव्यांत भरली, ऑक्सिजन सोडला, तोंडं बांधली. ताई गाडीत दोन खोक्यांच्या मध्ये बसली, एकेक हात एकेका खोक्यावर ठेवून. वाटेत म्हणाली, "अंधार आहे रे आत." मी म्हटलं, "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे." तिला भाचीच्या दारात सोडलं आणि दुकानात आलो.

आता माझी चूक सांगतो. ही चूक माझ्यासारखा जुना माणूसच करेल, नवख्याला सुचणारही नाही. आमच्या धंद्यात पोरकी पिल्लं दुसऱ्या जोडीच्या पदरात घालतात. माझ्याकडे मागच्या खोलीत एक नामी जोडी होती, परक्यांची पिल्लं वाढवण्यात पटाईत. मादीला आम्ही 'सासूबाई' म्हणायचो, कारण मायेने करायची पण नजर जरबेची. मी त्यांच्या टाकीत सगळी पिल्लं सोडली, दिवा लावला आणि ताईला दिलेला शब्द विसरून दुकान बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झालेली. सासूबाई आणि तिचा नर समोरच्या कोपऱ्यात काचेला चिकटलेले, कोळशासारखे काळे. ते पिल्लांकडे पाठ करून उभे होते. मासा पाठ करून उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. तळाला चाळीस-पन्नास पिल्लं मरून पडली होती.

आणि फोन वाजला.

"मामा... आई सकाळपासून उठत नाहीये. डोळे उघडे आहेत, बोलत नाही. डावा हात कोपरापर्यंत बर्फ झालाय. काल तर इतकी छान जेवली हो! गाडी बोलावलीय दवाखान्यात न्यायला... मामा, ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. ऐकता ऐकता बाही वर करत होतो.

सासूबाईंची जोडी काढली आणि हात पाण्यात घातला. पिल्लं आली. चावा नसतो तो. बारीक केस उपटावा तसं वाटतं, आधी एका जागी, मग सगळीकडे, आणि मग वाटेनासं होतं. ते वाटेनासं होणं जास्त वाईट. जणू हात आपला राहिलाच नाही. दहा मिनिटं झाली असतील. पुन्हा फोन. दुसऱ्या हाताने उचलला.

"मामा, आई उठून बसली! भूक लागलीय म्हणते!" भाची रडत हसत होती.

मग मी रोज बसलो. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास, दुपारी गर्दी नसते तेव्हा तीन तास, संध्याकाळी पुन्हा. बायकोने विचारलं, हाताला काय झालं? म्हटलं, औषधाचं पाणी लागलं. ती म्हणाली, "औषध माशांचं आणि झिजताय तुम्ही." कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. पण तिकडे ताई भरत होती. भाची रोज कळवायची, आज दोनदा जेवली, आज जिना चढली, आज हाताला कातडी धरलीय.

उठायची वेळ झाली की मी झटका द्यायचो आणि टाकीकडे न बघता दिवा तसाच ठेवून बाहेर पडायचो. माझ्यामागे तिथे कोण बसतं ते मला ठाऊक होतं. एकदाच, झटका देताना मला थोडा उशीर झाला, आणि पाण्यात माझ्या मनगटाला कुणीतरी बाजूला सारलं. ढकललं नाही. कामावरचा जुना माणूस नव्या माणसाला सारतो तसं, सवयीने.

मी पिल्लांना रोज आर्टेमिया दाखवत होतो. धुळीच्या कणाएवढे जिवंत किडे असतात, आईबापांपासून सुटलेली पिल्लं तेच खातात. दहा दिवस त्यांनी बघितलंही नाही. अकराव्या दिवशी एकाने तोंड घातलं. बाराव्या दिवशी सगळी तुटून पडली. पोटं नारिंगी झाली. मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या. धंद्यातला सरळ नियम आहे, पिल्लं बाहेरचं खायला लागली की आईबाप मोकळे.

तीन दिवस नुसतं आर्टेमियावर ठेवलं. ताईला ताप नाही, थंडी नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी शेवटचा हात घातला. खरं तर गरज नव्हती, पण इतके दिवस ज्याच्याबरोबर काम केलं त्याला न सांगता कसं जायचं? "भावोजी," मी म्हणालो, "झालं आपलं. ताई बरी आहे. तुम्हीपण उठा आता..." आणि मनगटाला झटका दिला.

या वेळी मात्र मी बघत थांबलो.

पोटं भरलेली पिल्लं सावकाश डाव्या कोपऱ्याकडे गेली. रुंद अंगठ्याचा हात तिथे होताच. त्याच्याभोवती काही जमली. बाकीची थांबली नाहीत. ती पुढे गेली, त्या हाताच्या शेजारी, आणि तिथल्या रिकाम्या पाण्याभोवती गोळा झाली. दुसरा आकार तयार झाला. लहान. निमुळती बोटं. करंगळी वाकडी, बाहेर निघालेली.

ताई आठ वर्षांची असताना तिची करंगळी दारात चेमटली होती. दार मी लावलं होतं. हाड सांधलं ते वाकडंच. ती करंगळी मी कोट्यवधी हातांतून ओळखेन.

भाचीचा नंबर लावताना माझी बोटं चुकत होती. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा घंटी वाजली, वाजत राहिली... टाकीतले दोन्ही हात शेजारी शेजारी, शांत. घंटी थांबली.

"काय रे फुग्या?" ताईच. खणखणीत आवाज. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. "धापा काय टाकतोयस? दुकानाला आग लागली की काय?"

मला रडू आलं. "तू... तू बरी आहेस ना?"

"अरे, बरी म्हणजे? आत्ता जेवून उठले. लेक म्हणते, वजनकाटा मोडशील."

"हात? डावा हात?"

"छान आहे. नवी कातडी आलीय, बाळासारखी." तिचा आवाज जरा खाली आला. "फक्त आत्ताच ओला लागायला लागलाय. पुसला की पुन्हा ओला. कोमट कोमट... पण दुखत नाही हं, तू काळजी करू नकोस. सगळं चालतंय. थांब, मूठ मिटून बघते."

मी फोन कानाला धरून टाकीकडे बघत होतो. लहान हाताभोवतीची पिल्लं आत सरकली. आधी एक बोट मिटलं, मग दुसरं, मग तिसरं. वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहिली.

"बघ," ताई म्हणाली, "मिटली."